तळाशी ठेवलेल्या फरश्या

त्याने तिला लग्नाचं विचारलं तेव्हा तो कमरेइतक्या खोल खड्ड्यात उभा होता आणि ती काठावर मांडी घालून, मांडीवर फॉर्म घेऊन बसली होती. तो खालून सांगायचा, ती वरून लिहायची, असं ते काम. "तीस ते साठ. तपकिरी, ओलसर, बारीक मुळं भरपूर, दगड शंभरात दहा," तो म्हणाला आणि त्याच सुरात पुढे म्हणाला, "आणि माझ्याशी लग्न करतेस का?" तिचा हात सवयीने चालतच होता. शेऱ्याच्या रकान्यात तिने तेही लिहून टाकलं, आणि मग पेन थांबलं. तो मातीने माखलेलं तोंड वर करून, जणू पुढच्या थराचंच काहीतरी विचारलंय अशा चेहऱ्याने उभा होता. फॉर्म तसाच कार्यालयात गेला. तिथे कुणा वात्रटाने लाल पेनाने शेजारी लिहिलं, 'उत्तराची नोंद नाही.'

उत्तर अर्थातच हो होतं. त्यानंतर नऊ वर्षं दोघांनी मिळून जंगलांत खड्डे खणले. जंगलाच्या जमिनीत कार्बन किती साठलाय ते वरून काही कळत नाही. पानं पडतात, कुजतात, अळ्या-किडे-बुरशी त्यांच्यावर ताव मारतात आणि जे उरतं ते हळूहळू मातीत मुरतं. पुष्कळ जंगलांत झाडांपेक्षा पायाखालच्या मातीतच कार्बन जास्त असतो. तो मोजायचा तर एक मीटर खोल खणायचं, प्रत्येक थरात ठरलेल्या मापाचं लोखंडी कडं ठोकून माती काढायची, पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची. पुढे प्रयोगशाळेत ती वाळवतात, चाळतात आणि जाळून कार्बन मोजतात. एक खड्डा म्हणजे अर्धा दिवस, आणि पुढचे दोन दिवस कामातून गेलेली कंबर. कार्यालयात सगळे त्याला खड्डेमास्तर म्हणत. तो तिला कारकून म्हणे.

मग लेक झाली आणि कारकूनबाई खड्ड्याच्या काठावरून उठून टेबलाशी जाऊन बसल्या. तिथे तिला आपलं खरं काम सापडलं. सगळं जंगल काही खणून होत नाही. एक खड्डा इथे, दुसरा पलीकडच्या डोंगरावर, मधल्या एवढ्या मुलखाचं काय? ते गणिताने भरून काढायचं, म्हणजे मॉडेल. तिच्या मॉडेलमध्ये मातीतल्या कार्बनचे तीन कप्पे होते: वर्ष-दोन वर्षांत उडून जाणारा, पन्नासेक वर्षं टिकणारा, आणि खाली तळाशी हजार वर्षं ढिम्म न हलणारा. कुठल्या कप्प्यातून कुठे किती जातं, पाऊस वाढला तर किती, उष्णता वाढली तर किती, हे ती मांडायची आणि खड्डेमास्तरने आणलेल्या आकड्यांशी ताळा घ्यायची. जमलं की स्वारी खूश. नाही जमलं की घरात कुणाची धडगत नसे. "उतावळा, निवांत आणि म्हातारा," असं तो त्या तीन कप्प्यांना म्हणायचा. "आपल्या घरातलं कोण कुठल्या कप्प्यात, ते मात्र विचारू नका."

तो जंगलातच राहिला. आधी बरोबर एक मदतनीस असायचा, पुढे काटकसरीत ते पद गेलं. मग तो एकटाच खणायचा, एकटाच लिहायचा, आणि पिशव्या गाडीत घालून परत यायचा.

साधारण तीन वर्षांपूर्वी तिच्या मॉडेलचं आणि त्याच्या आकड्यांचं बिनसायला लागलं. नव्या फेरीतल्या खड्ड्यांत, अगदी तळच्या थरात, मॉडेल सांगत होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन निघत होता. एकात निघाला असता तर तिने कानाडोळा केला असता. पण ओळीने निघत होता. महिनाभर ती डोकं धरून बसली, आणि एका सकाळी दात घासताना तिला सुचलं, की वरचा कार्बन खाली उतरतोय! पाण्याबरोबर, मुळांबरोबर, आजवर कुणी धरला नव्हता इतक्या वेगाने. तिने उतावळ्या कप्प्यातून थेट म्हाताऱ्या कप्प्यात जाणारी एक वाट उघडली आणि सगळे आकडे शहाण्यासारखे जागेवर बसले. निबंध छापून आला. तिला ठिकठिकाणी बोलवायला लागले. वीस वर्षं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं, ते लोक उठून खुर्ची द्यायला लागले.

त्या दिवसांत एकदा जेवताना तो म्हणाला होता, "खरंच इतकं खाली उतरत असेल का गं?"

"आकडे तुझेच आहेत."

"आकडे आहेत. पण तळाला मला पिवळंच दिसत आलंय. आयुष्यभर."

"दिसण्यावर मॉडेल चालत नाही, खड्डेमास्तर."

तो हसला, मान खाली घालून जेवला आणि स्वतःचं ताट स्वतः उचलून घेऊन गेला. तिला आपलं उत्तर इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिने ते दोघा-तिघांना ऐकवलं.

आठ महिन्यांपूर्वी तो गेला. गुडघे दुखतात, गुडघे दुखतात म्हणत होता, आणि एका दुपारी बूट काढता काढता बसला तो उठलाच नाही. इस्पितळात तीन दिवस काढले. डॉक्टरीण तरुण होती, तिने सरळच विचारलं, "हृदय फारच थकलंय यांचं. हे आजचं नाही, तीन-चार वर्षं तरी चाललं असणार. धाप लागत नव्हती का यांना?"

"गुडघे दुखतात म्हणायचे," ती म्हणाली. एवढंच तिला माहीत होतं.

संस्थेने मातीच्या बरण्यांसाठी नवीन दालन बांधलं होतं. त्याला खड्डेमास्तरचं नाव द्यायचं, असं संचालकांच्याच मनात आलं. तळच्या मातीची गोष्ट ज्याच्या हातांनी वर आली त्याचं नाव तिथे नको तर कुठे? पितळी पाटी तयार झाली. शुक्रवारी दारावर लावायची होती आणि त्यासाठी लेक परगावाहून गुरुवारी यायची होती. ती पाटी संचालकांनी तिला आधीच दाखवली होती. तिने त्यातल्या अक्षरांवरून बोट फिरवलं होतं आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला जेवण गोड लागलं होतं.

त्याच्या आदल्या शनिवारी एका दूरच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. तळच्या थरातला हा कार्बन किती वर्षं जुना आहे ते त्यांना तपासायचं होतं. प्रत्येक खड्ड्यातली चिमूटभर माती पाठवाल का? ती स्वतःच तळघरातल्या कोठारात उतरली. मोजून सहा वर्षांनी. मातीचं काम करणाऱ्या बाईने सहा वर्षांत माती बघितली नव्हती, आणि तिला ते कधी विचित्रही वाटलं नव्हतं. आकडे वर यायचे ना.

कोठार मावशी सांभाळत. सगळ्यांच्याच मावशी. पिशवी आली की माती वाळवणं, चाळणं, बरणीत भरणं, चिठ्ठी लावणं हे वीस वर्षं त्यांच्याकडे. "कुठली काढू, ताई?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या अकरा खड्ड्यांच्या तळच्या. साठ ते शंभर."

मावशी जरा थांबल्या. मग एकेक बरणी आणून टेबलावर ठेवायला लागल्या. पहिल्या चार पिवळ्या होत्या, फिकट, पिठूळ, तिने नऊ वर्षं काठावरून बघितलेला तळ अगदी तस्साच. पाचवी तपकिरी होती. सहावी तपकिरी. सातवीचं झाकण तिने उघडलं, माती तळहातावर घेतली, आणि तीत केसांसारखी बारीक मुळं होती. चाळणीतून निसटलेली, ढीगभर. एक मीटर खाली त्या जंगलात असली मुळं नसतात. ही माती वरची होती. फार तर गुडघाभर खोलीची.

अकराव्या बरणीपर्यंत ती उभी होती. मग बसली.

"चिठ्ठ्या बदलल्या असतील?" तिने विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत होतं.

"माझ्याकडून नाही, ताई." मावशी खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "मी विचारलं होतं मास्तरांना. म्हटलं, तळची माती यंदा काळपट कशी? नुसते बघत राहिले माझ्याकडे. मला बाई पुढे विचारवलं नाही."

म्हणजे तळाचा कार्बन वाढला नव्हता. तळापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. तळच्या पिशवीत वरची माती आली, वरच्या मातीत कार्बन जास्तच असतो, आणि तिने त्या मातीला खाली उतरायला मॉडेलमध्ये खास वाट करून दिली. तिला राग आला, साधासुधा नव्हे, मेलेल्या माणसाला हलवून जाब विचारावा असा. माझ्याशी? माझ्या कामाशी? अरे, मला तरी सांगायचंस!

बरण्यांवरून एवढंच कळत होतं की खड्डे अपुरे होते. किती अपुरे, ते फक्त जमीन सांगणार होती. खणणाऱ्यांची एक रीत असते. खड्डा बुजवायच्या आधी तळाशी चिनीमातीच्या पांढऱ्या फरशीचा तुकडा ठेवायचा, त्यावर न पुसणाऱ्या शाईने तारीख आणि खोली लिहायची. पुढेमागे कुणी चुकून त्याच जागी खणलं तर कळावं, की इथली माती हलवलेली आहे, मोजायला उपयोगाची नाही. एरवी जुना खड्डा कुणी उघडत नाही. नवा खड्डा नेहमी बाजूला घेतात. त्या फरश्या म्हणजे कुणी कधीच न वाचायच्या चिठ्ठ्या.

सोमवारी सकाळी ती त्याचीच कुदळ आणि फावडं गाडीत टाकून निघाली. मावशी न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसल्या. सात जागा होत्या. प्रत्येक जागेचा खुंटा, खुंट्यापासूनची दिशा आणि पावलं त्याने फॉर्मवर नीट लिहून ठेवली होती. सातही फॉर्मांवर खोलीच्या रकान्यात एकच आकडा होता: शंभर.

पहिली फरशी अडुसष्टवर लागली. हलवलेली माती भुसभुशीत असते, फावडं लोण्यातून गेल्यासारखं जातं. पण तिला सवय राहिली नव्हती, तास गेला. फावडं खट् वाजलं तशी ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने माती सारली. फरशीवर त्याचं अक्षर होतं, टपोरं, उजवीकडे कललेलं. तारीख, आणि खाली '६८'.

शंभर नव्हे. त्याने फरशीवर खरं लिहिलं होतं.

फॉर्म सगळे वाचतात, त्यावर तो खोटं बोलला होता. फरशी कुणी वाचत नाही. तिथे शंभर लिहिलं असतं काय, काहीच लिहिलं नसतं काय, कुणाचं काय बिघडणार होतं? पण पुढे कधी खणायला येणाऱ्या माणसाला फसवणं त्याच्या जिवावर आलं असणार. तिला आता राग धरता येईना, आणि राग सुटल्यावर जे आलं ते रागापेक्षा पुष्कळच वाईट होतं.

"रडा ताई, इथे कोण बघतंय," मावशी म्हणाल्या आणि स्वतः पाठ करून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी दुसरी फरशी एकसष्टवर लागली. मंगळवारी पंचावन्न आणि सत्तेचाळीस. बुधवारी सकाळी चाळीस. तारखा जसजशा पुढे येत होत्या तसतशा फरश्या वर येत होत्या. तिच्या लक्षात आलं, की आपण नवऱ्याचं हृदय मोजतोय. कुठल्याही डॉक्टरकडे नसतील असे त्याच्या आजाराचे कागद इथे जमिनीत होते, तारीखवार, सेंटिमीटरमध्ये. सहावी फरशी एकतीसवर होती, तिचा निबंध छापून आल्यानंतरची. म्हणजे तोवर त्याला सांगणंही अवघड होऊन बसलं होतं. सातवीला तिने फावडं जेमतेम लावलं आणि खट् वाजलं. बावीस. मनगटापासून कोपरापर्यंतसुद्धा नाही. त्या खड्ड्याच्या शेजारी एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसायला पानं नीट सारलेली होती, किंवा तिला तसं वाटलं. आठ-नऊ महिन्यांची पानं वर पडून गेली होती, खात्रीने काही सांगता येत नव्हतं.

मग तिने तोच खड्डा पुढे खणला. मावशी "ताई, पुरे" म्हणत राहिल्या. चाळीस, साठ, सत्तर. हातांना फोड आले, फुटले. सत्तरच्या खाली पिवळी माती लागली, फिकट, पिठूळ, गार. ती शंभरपर्यंत गेली, बाजूच्या न हललेल्या भिंतीत कडं ठोकलं आणि तळची माती पिशवीत भरली. खड्ड्यातून वर बघितलं तेव्हा काठावर मावशी फॉर्म घेऊन बसल्या होत्या. "सांगा," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मावशी म्हणाल्या, "माझ्यावर ढकला. दोन वर्षांत मी घरीच बसणार आहे. चिठ्ठ्या बदलल्या म्हणा. म्हातारी बाई, चष्मा लागलेला, कुणी दोष देणार नाही."

"नाही हं मावशी."

"मास्तरांसाठी म्हणतेय. तुमच्यासाठी नाही."

गुरुवारी सकाळी ती सात फरश्या पिशवीत घालून संचालकांच्या खोलीत गेली. संचालक भले गृहस्थ, भांडणाला भिणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, परत घातला. दाराशी ती पाटी कापडात गुंडाळून उभी करून ठेवलेली होती.

"निबंध मागे घ्यायला लागेल, ते उघड आहे," ते म्हणाले. "पण कारण काय द्यायचं ते आपल्या हातात आहे, बाई. नमुन्यांची अदलाबदल. कोठारात होतं असं. सात बरण्यांची तर गोष्ट. कुणी खोलात जाणार नाही. पाटी उद्या लागून जाईल. माणूस गेलाय हो. तीस वर्षं खणलंय त्याने. सात खड्ड्यांपायी सगळ्यावर पाणी सोडायचं का?"

तिला ते हवं होतं. खोटं कशाला बोला, त्या क्षणी तिला दुसरं काहीच नको होतं. होय म्हणायचं, घरी जायचं, उद्या चांगली साडी नेसून यायचं, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून पाटीखाली उभं राहायचं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

"अदलाबदल कुणी केली म्हणून लिहाल?" तिने विचारलं.

"कुणी असं नाही. कोठारात."

"कोठारात एकच बाई आहे."

तिने संचालकांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि तिथेच लिहिलं. सात खड्ड्यांतले तळचे नमुने ठरलेल्या खोलीवरून घेतलेले नाहीत. खऱ्या खोल्या सोबत जोडल्या आहेत. नमुने घेणारा आजारी होता आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही. मॉडेल करणारीने माती एकदाही बघितली नाही. खाली सही केली, तारीख घातली. संचालकांनी वाचलं, सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "मग पाटीचं जमणार नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. जाताना तिने पाटीकडे बघितलं नाही.

लेक दुपारी आली. बॅग खाली ठेवायच्या आधीच आईचे हात तिच्या नजरेला पडले. "हे काय झालं?" स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून आईने तिला सगळं सांगितलं, पहिल्या पिवळ्या बरणीपासून संचालकांच्या खोलीपर्यंत. लेकीचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं.

"एक पाटी होती, आई! एक! तुझं नाव दहा ठिकाणी छापून येतं. त्याचं कुठे होतं? आणि तीही तूच काढून टाकलीस?"

"हो."

"लोक आता म्हणणार, खड्डेमास्तर लबाड होता."

"म्हणतील काही दिवस."

"आणि तू त्यांना कागद लिहून दिलास!"

आईने फरश्या पिशवीतून काढल्या आणि तारखांप्रमाणे टेबलावर ओळीने मांडल्या. लेक हाताची घडी घालून दुसरीकडे बघत होती. मग तिची नजर गेली. तिने पहिली फरशी उचलली, दुसरी उचलली, अक्षर ओळखलं आणि सावकाश खाली बसली.

"हा आकडा म्हणजे?"

"इतकं खणू शकला. त्या दिवशी."

लेकीने सत्तेचाळीसची तारीख दोनदा वाचली. "हा तर मी नोकरीला निघाले तो आठवडा," ती म्हणाली. "स्टेशनवर सोडायला आला होता. बॅग मीच उचलली जिन्यावरून. म्हणाला, आता तू मोठी झालीस, मी कशाला उचलू? मला किती भारी वाटलं होतं."

"एकसष्टला आपण खालच्या मजल्यावर राहायला आलो," आई म्हणाली. "त्यानेच हट्ट धरला. म्हणाला, वर ऊन फार येतं."

"चाळीसला?"

"चाळीसला माझा निबंध गेला छापायला. मी सगळ्यांना घरी बोलवलं होतं. तो सबंध वेळ खुर्चीत बसून होता. मला रागसुद्धा आला, की जरा उठून कुणाला पाणी तरी विचारावं."

असं दोघी करत राहिल्या. प्रत्येक फरशीला एक दिवस सापडत होता आणि प्रत्येक दिवशी तो काहीतरी बहाणा करून बसलेला, टेकलेला, मागे राहिलेला होता. त्या वेळी एकीलाही काही वावगं दिसलं नव्हतं. लेक आता रडत होती, पुसत नव्हती. शेवटची फरशी राहिली. तिने ती उलटीसुलटी केली आणि विचारलं, "बावीसला काय होतं?"

ही गोष्ट आईने डॉक्टरिणीला, मावशींना, कुणालाच सांगितली नव्हती. स्वतःलाही सांगायची टाळली होती.

"त्या सकाळी निघताना तो दारात थांबला," ती म्हणाली. "म्हणाला, एकच खड्डा आहे आज, चलतेस का? खणायचं नाही, नुसती काठावर बस. मी यंत्रावर काहीतरी लावून ठेवलं होतं. मान वर न करता म्हटलं, मला वेळ नाही रे, आणि तुला काय अवघड आहे, तू डोळे मिटूनसुद्धा खणशील. तो बरं म्हणाला. बराच वेळ मग दार लागल्याचा आवाजच आला नाही. मी ओरडले, दार लाव, वारा येतोय."

आईला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि गेली तर तिचं बरोबरच असेल. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती घेऊन झाली, शांत झालं. लेकीने फरशी इतर सहांच्या ओळीत नीट ठेवून दिली.

"मलाही विचारलं होतं," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात. फोन करून. दोन दिवस सुट्टी काढून येतेस का, म्हणाला."

तू काय म्हणालीस, हे आईने विचारलं नाही.